तिसऱ्या प्लॉटची मोजणी

सतरा नंबरच्या कोकरापुढे काय लिहावं, ते मला कळेना.

मांडीवर वही होती. दर पाच मिनिटांनी प्रत्येक कोकरापुढे एक अक्षर लिहायचं. चरत असलं तर 'च', रवंथ करत असलं तर 'र', बसलेलं असलं तर 'ब', नुसतं फिरत असलं तर 'फ'. आठ आठवडे मी ही चार अक्षरं लिहीत होते आणि पाचव्या अक्षराची गरज कधी पडली नव्हती. सतरा नंबर चरत नव्हतं. रवंथही करत नव्हतं. तोंडात गवताच्या दोन काड्या धरून ते उभं होतं. सव्वासातला तसंच होतं, सात वीसला तसंच, आणि साडेसात वाजत आले तरी त्या काड्या तोंडातच होत्या.

"ताई, खाली या जरा," उंच लाकडी माचणाखालून ठकूमावशींनी हाक मारली. "एवढ्या लांबनं न्हाई दिसायचं."

"ही एवढी नोंद होऊ द्या मावशी. आलेच."

"नोंद कुठं पळून जाती? कोकरू जाईल."

ठकूबाई वाघमोडे प्रक्षेत्रावर रोजंदारीला होत्या. वय पन्नाशीचं, अंगाने काटक. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्यांनी लांबची भटकंती सोडली, कळप निम्म्यावर आणला आणि आमच्याकडे कोकरं सांभाळायला लागल्या. प्रयोगासाठी कोकरं कमी पडत होती, तेव्हा माझ्या मार्गदर्शक कुलथे सरांच्या शब्दावर त्यांनी स्वतःची नऊ कोकरं दिली होती. ती नऊही तिसऱ्या प्लॉटमध्ये होती.

हे एकोणनव्वद सालच्या सप्टेंबरमधलं. मी चोवीस वर्षांची होते, पशुविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठाचं हे मेंढी प्रक्षेत्र दुष्काळी तालुक्यातल्या एका माळावर होतं. एकेका एकराचे तीन प्लॉट तारेच्या जाळीने आखले होते. तिन्हींत सारखंच मारवेल आणि पवना गवत. पहिल्यात सहा कोकरं सोडली होती, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात चोवीस. दहा आठवडे पाहायचं, की गवतावर ताण वाढत गेला तर कोकरांचं चरणं कसं बदलतं. किती तास चरतात, मिनिटाला किती घास घेतात, रवंथ किती वेळ करतात. उजाडल्यापासून मावळेपर्यंत मी माचणावर बसायची. कोकरांच्या दोन्ही कुशींवर रंगाने आकडे घातले होते. गळ्यात दुर्बीण, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात पेन्सिल.

कागदावर सगळं छान दिसत होतं. पहिल्या प्लॉटमधली सहा कोकरं दिवसाकाठी सात तास चरायची, मिनिटाला चाळीसेक घास, आणि दुपारी बाभळीच्या सावलीत डोळे मिटून रवंथ करत बसायची. तिसऱ्या प्लॉटमधल्या चोवीसांनी महिन्याभरात गवत कुरतडून जमिनीला आणलं. घास लहान झाला तशी ती भराभर तोंड चालवायला लागली, मिनिटाला सत्तर घास. चरणं सात तासांवरून साडेदहावर गेलं. सावलीत बसणं बंद झालं. मग सातव्या आठवड्यापासून एकाएकी उलट झालं. साडेदहाचे नऊ झाले, नवाचे साडेसात.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे जुळवून घेतलं त्यांनी," ते म्हणाले होते. "थोड्यात भागवायला शिकली. हे आजवर आपल्या दख्खनी मेंढीवर कुणी दाखवलेलं नाही."

मी माचणावरून उतरले. ठकूमावशी जाळीशी उकिडव्या बसल्या होत्या.

"कुलूप काढा."

"मावशी, वजनाचा दिवस सोडून हात लावायचा नाही. नियम आहे."

जाळीच्या भोकातून त्यांनी हात आत घातला आणि सतरा नंबरचा कान धरला. चार महिन्यांचं कोकरू असं कुणाच्या हाती लागत नाही. माणूस दहा पावलांवर आलं की उधळतं. सतरा नंबर जागचं हललं नाही. मावशींनी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली.

पापणी आतून पांढरी होती. नुसती फिकट नाही, खडूसारखी पांढरी.

"आता हितं बगा." त्यांनी त्याच्या जबड्याखाली बोट लावलं. तिथे लिंबाएवढी मऊ सूज लोंबत होती. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला. "पानी साठलंय. पोटात जंत हायत, रगत पित्यात. अशी अजून चार दिसत्यात मला. सहा नंबर, अकरा, एकवीस आन् ती तिकडं कुंपणाला टेकलेली."

"परवाच वजन केलंय मावशी. कुणाचंही उतरलेलं नाही."

"पान्याचं वजन हाय ते."

"पण चरणं आता कमी झालंय. म्हणजे भूक कमी..."

"भूक न्हाई कमी झाली." त्या उठून उभ्या राहिल्या. "चरायला बी ताकद लागती, ताई. मान खाली घालायची, वर काडायची. ती सरली की मेंढरू थांबतं. आन् ही कोकरं खातात कुठं, ते बगा. लेंड्या टाकतात तितंच तोंड घालतात. दुसरं हाय काय खायाला? वर पाऊस. जंत गवताच्या बुडख्याला आसतो, आन् ही बुडखाच कुरतडत्यात."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. जवळपास याच शब्दांत.

"मग काय करायचं म्हणता?"

"आज सोडा. सावकास औषध पाजा आन् वरच्या पडीवर न्या. तिथं यंदा कुणाचं मेंढरू फिरलेलं न्हाई. आज केलं तर बरीच ऱ्हातील. दोन दिसांनी केलं तर मला न्हाई सांगता येत."

दहा आठवड्यांपैकी सोळा दिवस उरले होते. कुलूप काढलं की तिसरा प्लॉट संपला, आणि तिसरा प्लॉट संपला की प्रयोगच संपला. आदल्या वर्षी हाच प्रयोग सातव्या आठवड्यात बुडाला होता. रखवालदाराला कोकरांची दया आली आणि तो कुणाला न सांगता जाळीवरून कडब्याच्या पेंढ्या आत टाकत राहिला. म्हणून तर सरांनी फाटकाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली माझ्याकडे दिली होती. सर स्वभावाने कठोर नव्हते. प्रक्षेत्रावर आले की ठकूमावशींच्या शेजारी बसून भाकरी खायचे. पण नोंदीच्या बाबतीत फार कडक. "आपण तिथे नाहीच असं समजून लिहायचं," हे त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

सर त्या दिवशी पुण्याला बैठकीसाठी गेलेले होते. प्रक्षेत्राचा फोन पावसात बंद पडला होता. मी सायकल काढली.

पोस्ट चार किलोमीटरवर होतं, नऊनंतर उघडायचं. पोस्टमास्तरांनी पुण्याचा कॉल लावायला घेतला आणि मी बाकावर बसले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे सरकला की माझ्या डोळ्यांपुढे चोवीस रकाने यायचे, रिकामे. साडेदहाला फोन लागला.

"सर, मी हेमांगी देवल. तिसऱ्या प्लॉटमधली कोकरं बरी दिसत नाहीत."

"बरी नाहीत म्हणजे? नेमकं सांगा."

"सतरा नंबरची पापणी पांढरी आहे. जबड्याखाली पाणी आहे. आणखी चार संशयास्पद आहेत. ठकूमावशी म्हणतात, जंत आहेत."

पलीकडे मागे कुणीतरी चहाबद्दल विचारत होतं.

"पाचव्या आठवड्यातली अंड्यांची मोजणी किती होती तिसऱ्या प्लॉटची?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"देवल, ऐकू येतंय का?"

"हो सर. सरासरी एकशे ऐंशी."

"नक्की?"

"नक्की, सर."

"मग जंत नाहीत. एकशे ऐंशीवरून तीन आठवड्यांत पापण्या पांढऱ्या होत नाहीत. हजारावर असती तर मी आत्ता सांगितलं असतं, सोडा म्हणून. हा अशक्तपणा चाऱ्याचा आहे, आणि तोच तर आपल्याला मोजायचा आहे." त्यांचा आवाज मऊ झाला. "मला कळतंय, बघवत नसेल. मी परवा सकाळी पोचतो. तोवर कुलूप काढू नका. ठकूबाईंनाही सांगा."

"हो सर."

पोस्टमास्तरांनी पावती दिली. मी बाहेर आले आणि सायकलला टेकून उभी राहिले.

पाचव्या आठवड्यात मी मोजणी केलेलीच नव्हती.

दर पंधरवड्याला प्रत्येक कोकराची लेंडी घ्यायची, पाण्यात कालवायची, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची, असं ठरलेलं होतं. हजारावर आकडा गेला की तिन्ही प्लॉटना औषध द्यायचं, म्हणजे तुलनाही बिघडत नाही आणि कोकरंही मरत नाहीत. पाचव्या आठवड्यात चार दिवस पावसाची झड लागली होती. वीज गेली, फ्रीज बंद पडला आणि गोळा केलेले नमुने खराब झाले. पुन्हा गोळा करायचे म्हणजे बेचाळीस कोकरं चिखलात धरायची. मला ताप होता. मी कंदिलाच्या उजेडात तिसऱ्या आठवड्याचं पान काढलं आणि त्यातलेच आकडे थोडे वरखाली करून पुढच्या पानावर उतरवले. एकशे वीसचे दीडशे, दोनशेचे एकशे नव्वद. अर्ध्या तासात काम झालं. सातव्या आठवड्याची मोजणी, पाचव्या आठवड्यात काही निघालं नाही म्हणून सरांनीच वगळली होती.

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या आकड्यावरून दुसरं कुणीही तेच म्हणालं असतं.

परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मावशी जाळीपाशीच होत्या.

"काय म्हनलं साहेब?"

"परवा येतायत. तोवर थांबा म्हणाले."

"परवा." त्यांनी तो शब्द एकदा उच्चारला आणि प्लॉटकडे बघत राहिल्या. वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. "तुमी त्यास्नी पापनीचं सांगितलं?"

"सांगितलं."

"तरी थांबा म्हनलं?"

"हो."

"साहेब तसं मानूस नव्हं," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "नऊ माझी हायत त्यात. तुमास्नी ठावं हाय."

मी माचणावर चढले. दुसरं काय करावं सुचत नव्हतं. साडेअकरापासून लिहायला लागले. सहा नंबर, ब. सात नंबर, च. अकरा नंबर, ब. ऊन चढलं होतं, माळावरून गरम वाफ येत होती. पहिल्या प्लॉटमधली सहा कोकरं बाभळीखाली एका ओळीत बसली होती, जबडे संथ हलत होते. तिसऱ्या प्लॉटमध्ये काही उभी होती, काही चरत होती. मधूनच एखादं दोन पावलं टाकायचं आणि थांबायचं, जणू कुठे निघालं होतं ते विसरलं असावं.

दोन वाजून पाच मिनिटांनी सतरा नंबरने मान खाली घातली. तोंड गवताला लागलं. मी 'च' लिहिलं.

दोन दहाला मान तशीच होती. मी पुन्हा 'च' लिहिलं.

दोन पंधराला पेन्सिल कागदावर टेकवली आणि दुर्बीण लावली. त्याचं तोंड हलत नव्हतं. नाक मातीत रुतलं होतं, श्वासाबरोबर नाकपुडीपुढची धूळ उडत होती. मान वर उचलता येत नव्हती त्याला. पुढचे दोन्ही पाय थरथरत होते. नियमाप्रमाणे मान खाली आणि तोंड गवतात, म्हणजे 'च'. पुढेमागे कुणी ते पान वाचलं असतं तर त्याला एक कोकरू शांतपणे चरताना दिसलं असतं.

मी वही माचणावर ठेवली आणि खाली उतरले. खिशातून किल्ली काढली. ठकूमावशींनी माझ्या हातातून ती घेतली आणि फाटक उघडलं.

"साहेबांनी सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय."

"बरं. मग आता ऐका. कुनी पळायचं न्हाई, वरडायचं न्हाई, हात हलवायचा न्हाई. ह्यांच्या अंगात रगत उरलेलं न्हाई. पळालं की काळीज थांबतं, जागेवर पडतं. गोठा हितनं दोनशे पावलं हाय. आपल्याला अर्धा तास लागला तर लागू दे."

अर्ध्या तासाहून जास्तच लागला. मावशी पुढे चालत होत्या, तोंडाने बारीक 'हूं हूं' असा आवाज करत. कोकरं त्या आवाजामागे निघाली. मी सगळ्यात मागे. दहा पावलं चालायचं, थांबायचं. एखादं गुडघ्यावर आलं की सगळ्यांनी थांबायचं. रस्त्यात मध्येच एक कुत्रं आलं. मावशींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, दगडसुद्धा उचलला नाही, कारण दगड उचलला असता तर कोकरं बुजली असती. कुत्रं बराच वेळ उभं राहिलं. आम्हीही उभ्या राहिलो. शेवटी ते वास घेत बांधावरून उतरून गेलं तेव्हा माझ्या पाठीवरून घामाची धार लागली होती.

सतरा नंबरला मी उचलून घेतलं होतं. ते फार हलकं लागलं. गोठ्याच्या दारापर्यंत पोचलो आणि त्याने एकदा पाय ताणले, मान माझ्या कोपरावरून मागे टाकली. मी मावशींना हाक मारली. त्यांनी येऊन डोळ्याला बोट लावून पाहिलं.

"गेलं ते. खाली ठेवा आन् आत चला. तेवीस बाकी हायत."

औषधाचा डबा कपाटात होता, सीलबंद. मी वजनाच्या हिशेबाने पिचकारी भरायची, मावशी कोकराला दोन गुडघ्यांत धरून जबडा उघडायच्या. घशात उतरलं की त्याला हळूच सोडायचं, दुसरं धरायचं. घाई केली तर औषध श्वासनळीत जाणार. दहाव्याला की अकराव्याला, नक्की आठवत नाही, मी म्हणाले, "मावशी, चूक सरांची नाही."

"मग कुनाची हाय?"

"पाचव्या आठवड्यात मला लेंड्या तपासून जंताची अंडी मोजायची होती. मी मोजली नाहीत. जुनेच आकडे लिहिले. आज सरांनी फोनवर विचारलं तर तेच सांगितलं. म्हणून ते थांबा म्हणाले."

त्यांच्या मांड्यांमध्ये एकवीस नंबर होतं, त्यांचंच. त्या त्याचा जबडा धरून तशाच राहिल्या.

"म्हंजी न बघता लिवलं."

"हो."

"आन् आज परत तेच बोललात. पापनी बघितल्यावर."

"हो."

त्यांनी एकवीस नंबरचं तोंड माझ्या दिशेने वळवलं.

"भरा पिचकारी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दिवस मावळेपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. 'हं', 'धरा', 'सोडा', एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसले होते. तारेचा मजकूर लिहून दिला: 'पाचव्या आठवड्याची मोजणी केली नव्हती. आकडे खोटे. एक कोकरू मेले. कुलूप काढले. देवल.' पोस्टमास्तरांनी पेन्सिलीने शब्द मोजले, मग एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असंच जाऊ द्यायचं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

सर बैठक सोडून त्याच दिवशी चारच्या सुमारास जीपने आले. तोवर आणखी दोन कोकरं गेली होती. ते थेट गोठ्यात गेले, एकेका कोकराची पापणी पाहिली. मग बाहेरच्या दगडी कट्ट्यावर सतरा नंबरचं पोट उघडलं आणि जठराचा चौथा कोठा कापून ताटलीत पसरला. आतल्या बाजूला तांबड्या-पांढऱ्या धाग्यांसारख्या जंतांचा जाड थर चिकटलेला होता.

"मोजा," ते म्हणाले.

"किती, सर?"

"सगळे."

मी चिमट्याने मोजायला लागले. पाचशेपर्यंत गेले तरी ताटलीचा एक कोपराही संपला नव्हता. आठशेला सरांनी माझ्या हातातून चिमटा काढून घेतला.

"बास. कळलं."

ऑफिसात बसल्यावर त्यांनी बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढला. मेंढपाळांना वाटायच्या पत्रकाचा मसुदा होता तो. त्यांनी त्यातली ओळ मोठ्याने वाचली. "'सातव्या आठवड्यापासून कोकरे तोकड्या चाऱ्याशी जुळवून घेतात. एकरी चोवीसपर्यंत कोकरे सोडण्यास हरकत नाही.' पंधरा दिवसांनी छापायला जाणार होतं. तीन जिल्ह्यांत."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग माझ्या नोंदवह्या मागितल्या. मी सगळ्या आणून ठेवल्या, आठ आठवड्यांच्या आठ. त्यांनी त्या चाळल्या नाहीत. वरच्या वहीवर हात ठेवून बसले.

"चरण्याच्या नोंदी खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या आहेत, सर. एकूण एक. रोज बारा तास बसून लिहिल्यात."

"माझा विश्वास आहे त्यावर." ते म्हणाले. "पण या मला आता वापरता येणार नाहीत. एकही पान नाही. मला कुणी विचारलं, की हे आकडे खरे कशावरून, तर मी काय सांगू?"

मी रडले असते तर कदाचित त्यांना सोपं गेलं असतं. मला रडू आलं नाही.

"तुमचं वर्ष गेलं," ते म्हणाले. "दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जायचं असेल तर मी अडवणार नाही. हाच प्रयोग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करायचा असेल तर इथे या."

तिसऱ्या प्लॉटमधली एकूण पाच कोकरं गेली, त्यातली तीन ठकूमावशींची. प्रक्षेत्राच्या कळपातली तीन त्यांना बदल्यात मिळाली. त्यांनी ती नेली, पण बदल्यात मिळालेलं कोकरू आपलं नसतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती आणि मला ऐकायचीही.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा त्या माळावर गेले. मावशींनी या वेळी स्वतःचं एकही कोकरू दिलं नाही. पण कामावर आल्या. रोज सकाळी मी माचणावर चढायच्या आधी त्या तिन्ही प्लॉटमधून फिरायच्या, आठ-दहा पापण्या उलटून बघायच्या आणि मला नुसतं सांगायच्या, "लाल." नियमात ते बसत नव्हतं. सरांनी नियम बदलला.

अंड्यांची मोजणी मी ठरल्या दिवशी केली, प्रत्येक वेळी. पाचव्या आठवड्यात आकडा अकराशेवर गेला. तिन्ही प्लॉटना औषध दिलं. आणि सातवा, आठवा, नववा आठवडा सरला तरी तिसऱ्या प्लॉटमधलं चरणं कमी झालं नाही. साडेदहा तास, अकरा तास. मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर घास. जुळवून घेणं वगैरे काही नव्हतं. पोट भरेना म्हणून ती कोकरं दिवस मावळेपर्यंत तोंड चालवत होती.

त्या वर्षी सर दर शनिवारी प्रक्षेत्रावर यायचे. सकाळी नऊ वाजता जीप थांबायची. ते माझ्या शेजारी माचणावर बसायचे, स्वतःची वही आणि स्वतःचं घड्याळ घेऊन. मी लिहायची, तेही लिहायचे. अकरा वाजता वही मिटून, "चालू द्या," म्हणून उतरायचे. कधी माझ्या वहीत डोकावले नाहीत. कधी दोघांचे आकडे माझ्यादेखत ताडून पाहिले नाहीत. का येतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नऊ शनिवार असेच गेले.

दहाव्या, शेवटच्या शनिवारी नऊ वाजले. जीपचा आवाज आला, पण उतरला एकटा ड्रायव्हर. वजनकाट्याची पेटी त्याने गोठ्यात ठेवली आणि माचणाखाली येऊन उभा राहिला.

"साहेब नाहीत आले?" मी वरून विचारलं.

"न्हाईत. घरीच हायत."

"बरं नाही का त्यांना?"

"चांगलं हायत की. बागंला पानी घालत होते. म्हनले, आज माझी गरज न्हाई तिथं."

तो गेला. मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. वही पुढे ओढली आणि एक नंबरपासून बघत, लिहीत गेले.